जमीन कोणाची?

वणीजवळचें राजूर हें गांव कोळशाच्या खाणीमुळें परिचित झालें आहे. पुष्कळ लोक त्यास ‘राजूर कॉलरी’ असेंच म्हणतात. ज्या काळ्या मातींत शेतकरी कापूस व ज्वारी पेरतो, तिच्या पोटांतल्या कोळशावर त्याचा हक्क नाहीं, तो सरकारचा. तेव्हां ‘ही जमीन माझी’ असें म्हणतांना त्यांतील ‘माझें’ म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न अशा गांवीं केवळ पुस्तकी राहत नाहीं.

वऱ्हाड प्रांत 1853 सालीं निजामानें इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. तत्पूर्वीं देशमुख, देशपांडे व पाटील यांचीं वतनें वंशपरंपरेनें चालत. सामान्य रयतेची स्थिति मात्र निराळी होती. पुरणमल, पेस्तनजी यांसारखे सावकार वसुलाचा मक्ता घेत, आणि मक्तेदाराची दृष्टि साहजिकच रयतेच्या सुखापेक्षां आपल्या वसुलावर असे. जी जमीन कसून हातीं कांहीं उरत नाहीं, तिला गिऱ्हाईक कोठून मिळणार? मालकी हा शब्द होता. तिला किंमत नव्हती.

ती किंमत आणली मोजणीनें. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं घालून दिलेली रयतवारी पद्धति 1861 पासून वऱ्हाडांत सुरू झाली. शेताला नंबर मिळाला, आकार तीस वर्षांकरितां ठरला, आणि सारा भरीत असेतोंपर्यंत खातेदाराचा कबजा कायम झाला. त्यास शेत मुलांस ठेवतां येऊं लागलें, तसेंच विकतां व गहाण टाकतांही येऊं लागलें. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाचे भाव चढले, आणि 1867 सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. जमिनीला मोल आलें; परंतु जी वस्तु विकतां येते ती गमावतांही येते, हेंही रयतेस सावकाराच्या दारीं लौकरच कळून चुकलें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. सरकारी दप्तराचा मूळ हेतु वसुलाचा होता. सारा कोणाकडून घ्यावयाचा, एवढेंच त्यास जाणावयाचें होतें. म्हणून पुष्कळदां एकत्र कुटुंबांतील वडील भावाचें एकट्याचें नांव खात्यावर चढलें. उलट मिताक्षरेच्या मतें मुलाचा वडिलार्जित मिळकतींतला हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. म्हणजे एकाच शेताचे दोन हिशेब झाले: एक तलाठ्याच्या दप्तरांतला, दुसरा घरांतला. भाऊ एका चुलीवर जेवीत होते तोंपर्यंत या दोहोंतील अंतर कोणास दिसलें नाहीं. चुली वेगळ्या झाल्या, किंवा खाणीसाठीं जमीन संपादिली जाऊन मोबदल्याची रक्कम समोर आली, म्हणजे तें एकदम दिसूं लागतें. नांव ज्याचें तो म्हणतो, ‘जमीन माझी’. कसली ज्यानें तो म्हणतो, ‘जमीन आमची’.

कायद्यानेंही ही अडचण ओळखली होती. 1928 च्या वऱ्हाड जमीन महसूल कायद्यांत एका सर्व्हे नंबरांतील सहखातेदारांस अग्रक्रमानें खरेदीचा हक्क होता. तो कायदा आज राहिला नाहीं. पण 1956 च्या हिंदु वारसा कायद्याच्या 22 व्या कलमांत तेंच तत्त्व निराळ्या रूपानें आहे. मयताच्या प्रथम वर्गांतील वारसांपैकीं एकजण आपला हिस्सा विकूं लागला, तर इतरांस तो घेण्याचा प्रथम हक्क आहे. शेतजमिनीसही हें लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2019 सालीं दिला.

आणि वारस म्हणजे केवळ भाऊ नव्हेत. महाराष्ट्रानें 1994 सालीं व सर्व देशानें 2005 सालीं मुलीस जन्मतः सहदायाद मानलें. वडील 2005 पूर्वीं वारले असले तरी तिचा हक्क बुडत नाहीं, असें 2020 सालीं ठरलें. तरीही आमच्या सुशिक्षित घरांत ‘ताईला काय विचारावयाचें, ती आपल्या घरीं सुखी आहे,’ असें सहज बोललें जातें. ताईनें हक्क सोडावयाचाच असेल तर तें तिनें समजून उमजून, नोंदलेल्या हक्कसोडपत्रानें सोडावा. सणाला आली असतां पुढें केलेल्या कागदावर घाईनें घेतलेली सही हा औदार्याचा पुरावा नव्हे.

आपल्याच माणसाकडून शेत घेतांना चौकशी करणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस उलट वाटतें. सातबाऱ्यावरील नोंद खरी धरली जाते, परंतु ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. ती मालकी निर्माण करीत नाहीं. म्हणून मागील फेरफार पाहावे, सर्व वारसांची संमति घ्यावी, वांटणी झाली कीं नाहीं तें विचारावें, आणि ठरलेली किंमत नोंदलेल्या खरेदीखतांत लिहावी. जमीन आदिवासी बांधवाची असेल तर सरकारी परवानगीवांचून व्यवहारास हातच घालूं नये. 1974 सालीं अशा जमिनी परत देण्याचा कायदा कां करावा लागला, याचा विचार प्रत्येकानें करावा.

परक्याशीं झालेला तंटा कोर्टांत संपतो. भावाशीं झालेला तंटा कोर्टांतून घरीं येतो. बांध मोजून घातला तर त्याच्या दोन्ही बाजूंस बसून भाकरी खातां येते. न मोजलेला बांध मात्र पुढल्या पिढीच्या अंगणापर्यंत सरकत येतो.