बालाघाटावरील फारसी : बीड जिल्ह्यातील दफ्तर आणि बोली

बालाघाट हे नावच अर्धे फारसी आहे. 'बाला' म्हणजे वरचा. सतराव्या शतकात शाहजहानने दक्षिणेचे बालाघाट व पाईनघाट असे विभाग केले, त्यांत बीड बालाघाटात पडले. या डोंगराळ मुलखात फारसी आली ती दरबाराची व दफ्तराची भाषा म्हणून. गावकीचे लेखन मोडीतच चाले. १८८४ मध्ये हैदराबाद संस्थानात तिची जागा उर्दूने घेतली.

शब्द मात्र हलले नाहीत. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचविले, तरी येथील शेतकरी आजही स्वतःस 'कास्तकार' म्हणवितो. 'काश्त'मधील 'श'चा 'स' बोलीने परस्पर केला. ही दुरुस्ती आम्हांस कोशकारांच्या खटाटोपापेक्षा अधिक टिकाऊ वाटते.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रांचा शोध घेतला, तेव्हा एखाद्या कुटुंबाचा दाखला जुन्या नोंदीतील एका ओळीवर अवलंबून राहिला. अशा उर्दू दफ्तरांतही महसुली संज्ञा बहुतांशी फारसीतूनच आलेल्या असतात, आणि शिकस्ता वळणाचे अक्षर छापील उर्दू वाचणाऱ्यासही सहजी लागत नाही.