चष्म्याचा नंबर काढणारे डोळ्यांचे डॉक्टर असतात का?

“नंबर काढला, चष्माही घेतला. आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कशाला जायचे?” श्रीगोंद्यातले रुग्ण मला हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

आपल्याकडे १९६३ साली खुपऱ्यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. मोतीबिंदूचे रुग्ण खेड्यांत आणि नेत्रतज्ज्ञ शहरांत, अशी तेव्हा स्थिती होती. म्हणून प्रशिक्षण दिलेले नेत्र सहाय्यक नेमले गेले. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत त्यांना ‘नेत्रचिकित्सा अधिकारी’ म्हणतात. नंबर काढणे, मोतीबिंदूचे रुग्ण शोधणे, शाळकरी मुलांचे डोळे तपासणे ही त्यांची कामे. शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञच करतात.

पुढे १९८५ मध्ये चेन्नईत एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू झाले आणि या विषयात चार वर्षांची पदवी मिळू लागली. तरीही या व्यवसायासाठी देशपातळीवरचा कायदा यायला २०२१ साल उजाडले. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी व्यक्ती पदवीधर आहे की केवळ अनुभवावर काम करते, हे तुम्हीच विचारायला हवे. त्यात संकोच नको.

ऑप्टोमेट्रिस्टने कुठपर्यंत उपचार करावेत, याची रेषा सगळीकडे सारखी नाही. १९७६ सालीच अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने त्यांना औषधोपचाराची परवानगी दिली. अधिकार वाढले, तसे प्रशिक्षणही वाढवावे लागले.

माझ्या मते, चांगल्या ऑप्टोमेट्रिस्टचा आत्मविश्वास दोन गोष्टींत दिसतो: नंबर अचूक काढण्यात आणि “हे नेत्रतज्ज्ञांना दाखवा” असे वेळेवर सांगण्यात. आपल्या ऊसपट्ट्यातले उदाहरण घ्या. उसाचे पान डोळ्याला लागले, तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. अशा वेळी दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब टाकले, तर जखम चिघळून नजर जाऊ शकते.

म्हणून लक्षात ठेवा:

- नजर हळूहळू कमी होत असेल, तर पहिली तपासणी ऑप्टोमेट्रिस्टकडे चालेल.
- डोळा लाल होऊन दुखत असेल, मार लागला असेल किंवा अचानक दिसेनासे झाले असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.
- मधुमेह असेल, तर चष्मा व्यवस्थित असला तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्या.

चष्म्याने नजर सुधारते. डोळ्याचा आजार बरा होत नाही.