बालकांच्या ऊर्वस्थिभंगाची प्लास्टर-चिकित्सा : एक ऐतिहासिक आलोचन

ऊर्वस्थी म्हणजे मांडीचे हाड. मानवी शरीरातील हे सर्वांत लांब व बळकट हाड होय. ते मधोमध मोडले असता भोवतीचे प्रबळ स्नायू आकुंचन पावतात, तुटलेली टोके एकमेकांवर चढतात आणि पाय आखूड होतो. या ओढीचा प्रतिकार करणे हेच चिकित्सेचे सर्वस्व, असे दीर्घ काळ मानले गेले. प्लास्टरची पट्टी १८५२ मध्ये प्रसिद्धीस आली. तथापि लहान मुलांस प्रारंभीच प्लास्टर घालून घरी पाठविण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ झाली नाही. साधन हाताशी असता एवढा विलंब का झाला, हा प्रश्न विचारार्ह आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. मोडलेला अवयव ओढून हाड जागेवर बसवावे, वस्त्र गुंडाळावे आणि त्यावर बांबूच्या किंवा वड, पिंपळ, उंबर, पळस आदी वृक्षांच्या सालींच्या पट्ट्या बांधाव्यात, असा क्रम तेथे सांगितला आहे. मांडी मोडलेल्या रुग्णास फळीवर निजवून पाच खुंटांच्या आधारे पाय निश्चल ठेवण्याच्या योजनेस कपाटशयन अशी संज्ञा आहे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळल्यास सूज व वेदना उद्भवतात, हा इशाराही तेथे आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे निरीक्षण मात्र वयासंबंधीचे होय : बालवयात भग्न एका महिन्यात सांधते, मध्यम वयात दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो.

डच लष्करातील शल्यवैद्य आंतोनियस माथायसन याने कोरडी प्लास्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्या योजिल्या. जिप्सम तापविला असता त्यातील बहुतांश पाणी निघून जाते; त्या भुकटीस पुन्हा पाणी मिळताच ती काही मिनिटांत घट्ट होते. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यवैद्य निकोलाय पिरोगोव्ह याने प्लास्टरचा विस्तृत उपयोग केला. परंतु मांडी स्थिर करावयाची तर प्लास्टर कमरेपासून पायापर्यंत घालावे लागते. अशा बंधास ‘स्पायका’ म्हणतात. पट्टीचे परस्परांस छेदणारे वेढे कणसाप्रमाणे दिसतात, म्हणून हे लॅटिन नाव. या बंधातही टोके काहीशी एकमेकांवर सरकतात. प्रौढाच्या बाबतीत हा दोष कायम राहतो. तोच निकष बालकासही लावला गेल्याने पाय वजनाने ताणून ठेवण्याची पद्धती श्रेयस्कर ठरली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या थॉमस ब्रायंट याने लहान मुलाचे दोन्ही पाय उभे टांगण्याची रीत प्रचारात आणली. मूल आठवडेच्या आठवडे रुग्णालयात, आईपासून दूर, खाटेला जखडलेले राही. क्वचित पायाचा रक्तपुरवठाही धोक्यात येई.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हाडाचे वेडेवाकडेपण डोळ्यांना दिसू लागले आणि ते तंतोतंत जुळविण्याचा आग्रह बळावणे स्वाभाविक होते. पण त्याच छायाचित्रांनी कालांतराने दुसरे सत्यही उघड केले. वाढत्या वयात मोडलेले हाड निरोगी बाजूपेक्षा सरासरी सुमारे एक सेंटिमीटर अधिक वाढते. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत हे विशेष दिसते. थोडा बाकही वाढीबरोबर सरळ होतो. अक्षाभोवती आलेला पीळ मात्र तितक्या भरवशाने सुधारत नाही. म्हणजे थोडे आखूड सांधलेले हाड हा बालकात दोष नसून पुढील वाढीसाठी राखलेली जागा होती. डॅमरन व थॉम्पसन यांनी १९५९ मध्ये, आणि इराणी, निकोल्सन व चुंग यांनी १९७६ मध्ये, स्पायका प्लास्टरच्या अनुभवाचे वृत्तांत प्रसिद्ध केले. दुसऱ्या वृत्तांतात तत्काळ प्लास्टर घातलेल्या मुलांच्या दीर्घकालीन परिणामांचा विचार होता. ताणाची खाट हळूहळू मागे पडली.

या यशासही मर्यादा होती. नितंब व गुडघा काटकोनात ठेवून, प्रथम पोटरीला प्लास्टर घालून त्याच्या आधारे मांडी ओढण्याची एक रीत प्रचारात आली. तिच्यामुळे काही बालकांच्या पोटरीत दाब वाढून स्नायूंची कायमची हानी झाल्याचे २००६ मध्ये मुबारक व सहकाऱ्यांनी दाखविले. अतिघट्ट बंधाविषयीचा प्राचीन इशारा असा नव्या रूपात पुन्हा समोर आला.

अमेरिकन अस्थिशल्यवैद्यांच्या संस्थेने २००९ मध्ये सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या आणि दोन सेंटिमीटरहून कमी आखूडपणा असलेल्या मुलांसाठी स्पायकाची शिफारस केली. सहा महिन्यांखालील अर्भकांस पट्ट्यांचे मऊ जोखडही पुरते. मोठ्या मुलांत फ्रान्समधील नान्सी येथे विकसित झालेल्या लवचिक सळ्यांचा उपयोग होतो.

यावरून दिसते की विलंबाचे कारण साधनाचा अभाव हे नव्हते. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, ही समजूत आड येत होती. प्लास्टरचे रसायन १८५२ मध्ये जे होते तेच पुढेही राहिले. बदलली ती किती अपूर्णता निसर्गावर सोपवावी याची जाण. त्या जाणिवेनेच मुलाला रुग्णालयाच्या खाटेवरून घरी आणले. त्याबरोबर प्लास्टर कोरडे व स्वच्छ राखण्याचा, मुलाला उचलण्या-निजविण्याचा भार मातापित्यांवर आला, हेही या इतिहासाचे एक अंग होय.