पाण्यातला वाफसा



घरात मातीशिवाय भाजी लावायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, "किट कुठलं घेऊ?" मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण आज किटबद्दल न लिहिता थोडा इतिहास लिहितो, कारण माझं गाडं रुळावर आलं ते इतिहास वाचूनच. आणि वाचायला लावलं माझ्या वडिलांनी, ज्यांनी हायड्रोपॉनिक्स हा शब्दही कधी ऐकला नव्हता.

झालं असं. अबूधाबीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी झाकणाला भोकं पाडलेली एक बादली ठेवली, त्यात लेट्यूसची रोपं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की पाणी काठोकाठ भरायचो. तिसऱ्या आठवड्यात पानांनी माना टाकल्या. मुळं उचलून पाहिली तर तपकिरी, बुळबुळीत, वर वास. अण्णा निफाडकडे, द्राक्षं नि कांदा यात उभा जन्म गेलेला. व्हिडिओ कॉलवर बादली दाखवली तर म्हणाले, "अरे, पाणी साचलेल्या वावरात पीक मरतं, इथे का जगेल? वाफसा कुठाय त्यात?"

ज्यांना गाव सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखल राहिलेली नाही आणि कोरडीही पडलेली नाही, ढेकूळ दाबलं तर भुसभुशीत फुटतं, ती अवस्था म्हणजे वाफसा. मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही असतात. मुळांना दोन्ही लागतं. तो शब्द डोक्यात ठेवून मी वाचत गेलो, आणि लक्षात आलं की या शास्त्राचा अर्धा इतिहास पाण्यात वाफसा आणण्याचाच आहे!

उरलेला अर्धा खताचा. १६९९ साली जॉन वुडवर्ड यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी पुदिना पावसाच्या पाण्यात, थेम्सच्या पाण्यात आणि बागेची माती ढवळलेल्या पाण्यात वाढवून तोलून पाहिला. पाणी जितकं 'घाण', तितका पुदिना जोमदार. म्हणजे झाडाला नुसतं पाणी पुरत नाही, पाण्यातलं काहीतरी हवं असतं. ते काहीतरी म्हणजे नेमके कुठले क्षार, हे १८६०च्या सुमारास जर्मनीत युलिउस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी दाखवलं. आज बाजारात 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या मिळतात, त्या याच वंशातल्या. दोन का? कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट घट्ट स्वरूपात एकत्र आले की पांढरा साका खाली बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. म्हणून आधी पूर्ण पाण्यात 'ए' मिसळायचं, मग 'बी'.

प्रयोगशाळेतून हे बाहेर आणलं ते कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विल्यम गेरिके यांनी, १९२९पासून. हायड्रोपॉनिक्स हे नावही त्यांनीच १९३७ मध्ये रूढ केलं. त्यांचे टोमॅटोचे वेल २५ फूट चढले, तोडणीला शिडी लागायची. टाकीवर तारेची जाळी, जाळीवर काड-भुश्याचा ओलसर थर, खाली पाणी. वरच्या मुळांना हवा, खालच्यांना पाणी. अण्णांचा वाफसा! वर्तमानपत्रांतून खूप गाजावाजा झाला. पण आपण हे घरी, स्वतःच्या वेळात केलं, असं म्हणत गेरिके सूत्र सांगेनात. विद्यापीठाशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. मग विद्यापीठाने डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांना काम दिलं. १९३८च्या त्यांच्या पुस्तिकेचा निष्कर्ष साधा होता: चांगल्या मातीत येतं त्याहून जास्त पीक पाण्यात येत नाही. ही जादू नव्हे. जिथे माती नाही तिथे याचा खरा उपयोग.

आणि झालंही तसंच. पॅसिफिकमधल्या वेक बेटावर पॅन अ‍ॅमची विमानं थांबत, तिथे प्रवाशांसाठी भाज्या अशाच पिकवल्या. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने असेन्शन या ज्वालामुखी बेटावर तेच केलं.

मला सगळ्यात भावला तो आपल्याकडचा प्रयोग. १९४०च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये कालिम्पाँगला सरकारी फार्मवर काम केलं आणि १९५१ मध्ये 'हायड्रोपॉनिक्स: द बेंगॉल सिस्टिम' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा हट्ट एकच, गरिबाला परवडलं पाहिजे. पंप नाही, महागडी यंत्रं नाहीत. वाफ्यात खडी आणि वाळू, वरून कोरडे क्षार भुरभुरायचे आणि पाणी शिंपडायचं. खडीच्या फटींत हवा आपोआप.

आणि आम्ही राहतो तिथलीच गंमत. ज्या सादियात बेटावर २०१७ मध्ये लूव्र संग्रहालय उघडलं, तिथेच १९७०च्या सुमारास अ‍ॅरिझोना विद्यापीठाने प्लॅस्टिकच्या हरितगृहांत, समुद्राचं पाणी गोडं करून, वाळूत भाज्या पिकवल्या होत्या. मी मात्र तिथल्याच शहरात बादली काठोकाठ भरत बसलो होतो.

माझी चूक नेमकी समजली ती हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीवरून. अपारदर्शक डबा घ्या, नाहीतर शेवाळ धरतं. झाकणात जाळीची वाटी, त्यात काथ्याचा भुसा आणि रोप. सुरुवातीला पाणी वाटीच्या तळाला जेमतेम टेकेल इतकंच. पीएच साधारण ५.५ ते ६.५. रोप पाणी पितं, पातळी उतरते, मधल्या मोकळ्या जागेत हवेतली मुळं फुटतात. आता पुन्हा काठोकाठ भरलंत तर तीच मुळं गुदमरतात. मी रोज नेमकं हेच करत होतो, वर काळजी घेतोय असं समजून!

दुसऱ्या खेपेला डबा बाल्कनीतून आत, खिडकीशी आणला, कारण इथल्या उन्हात पाणी तापलं की मुळं टिकत नाहीत. पहिलं रोप लेट्यूसच घ्या, ते चुका पोटात घालतं. सहाव्या आठवड्यात पानं काढली आणि अण्णांना मुळं दाखवली, पांढरीशुभ्र. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "जमलं की रे वाफसा. आता मेथी लाव."

मेथी लावली आहे. बघू.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक अबूधाबीकर