कोरियाचीं भांडीं आणि जपानी संग्राहक

क्योटो येथील दाइतोकुजी या झेन मठाच्या आवारांत कोहोआन नांवाचा एक उपमठ आहे. तेथें रेशमांत गुंडाळून, एकांत एक अशा पेट्यांत घालून, एक मातीचा वाडगा जपून ठेवलेला आहे. झिलई तडकलेली, बूड ओबडधोबड, रंग पिवळट. परंतु जपानी चहाविधीच्या रसिकांस तो इतका प्रिय कीं, अठराव्या शतकांत मात्सुए संस्थानचे अधिपति मात्सुदाइरा फुमाइ यांनीं साडेपांचशें सुवर्णनाणीं मोजून तो घेतला. बाळगणाराच्या अंगावर गळवें उठतात अशी त्याची ख्याति होती. तरी त्यांनीं तो हातचा सोडला नाहीं. आज तो जपानची राष्ट्रीय संपत्ति म्हणून गणला जातो.

आणि हा वाडगा जपानी नव्हेच! सोळाव्या शतकांत कोरियांतील कोणा कुंभारानें तो घडविला. १९३१ सालीं तो हातीं घेऊन पाहणारे यानागी मुनेयोशी यांचें मत असें पडलें कीं, तो कोणा गरिबाच्या घरचा भाताचा वाडगा असावा. कांहीं विद्वानांस हें मान्य नाहीं. ते त्यास पूजाविधीचें पात्र समजतात. तें कसेंही असो, वाडग्यास आज जें नांव आहे तें ओसाकाच्या किझाएमोन नामक व्यापाऱ्याचें, म्हणजे एका मालकाचें. घडविणाराचें नांव कोणासच ठाऊक नाहीं.

कोरियन भांड्यांची ही आवड केवळ बाजारांत भागली नाहीं. १५९२ ते १५९८ या काळांत हिदेयोशीच्या फौजांनीं कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, आणि परततांना कुंभारांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें धरून नेलीं. क्यूशू बेटावरील कित्येक नामांकित भट्ट्या त्यांनींच पेटविल्या. रसिकतेच्या मागें तलवार असूं शकते, हें आम्हीं विसरूं नये.

पुढें १९१० सालीं जपाननें कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. यानागी तेव्हां एकवीस वर्षांचे होते आणि ‘शिराकाबा’ मासिकाच्या तरुण लेखकमंडळांत वावरत होते. या मंडळींचे डोळे पॅरिसकडे लागलेले; खुद्द रोदँ या शिल्पकारानें त्यांस आपलीं लहान शिल्पें भेट पाठविलीं होतीं. तीं पाहण्यास १९१४ सालीं सेऊलहून आसाकावा नोरिताका नांवाचा एक शाळामास्तर यानागींच्या घरीं आला. रिकाम्या हातानें कसें जावें म्हणून त्यानें एक कोरियन बरणी आणली होती: पांढऱ्या अंगावर निळ्या रंगांत चार गवताच्या काड्या, एवढीच नक्षी. रोदँ राहिला बाजूस. यानागी त्या बरणीनेंच वेधले गेले.

१९१६ पासून त्यांच्या कोरियाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तेथें त्यांस नोरिताकाचा धाकटा भाऊ ताकुमी भेटला. हा सरकारी जंगलखात्यांतला नोकर, पण कोरियन पोशाख करी आणि कोरियन बोले. जेवणाचे लहान चौरंग, बरण्या, वाडगे यांचा संग्रह करतांना तो त्यांचीं कोरियन नांवें आणि घरांतला उपयोगही लिहून ठेवी. चौरंगांवरील त्याचें पुस्तक १९२९ सालीं निघालें. आमच्या मतें या सर्व मंडळींत खरा संग्राहक हाच. नांव आणि उपयोग हरवला म्हणजे उरते ती शोभेची वस्तु. आपल्याकडे मोडीत गेलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांचें याहून निराळें काय झालें?

१९१९ सालीं कोरियन लोकांनीं स्वातंत्र्याची चळवळ केली व ती निर्दयपणें चिरडली गेली. त्या वेळीं यानागींनीं जपानी वृत्तपत्रांतूनच कोरियनांची बाजू घेतली. १९२२ सालीं सेऊलच्या राजवाड्याचें ग्वांगह्वामुन हें महाद्वार पाडण्याचा सरकारी बेत निषेधिला. द्वार पाडलें न जातां दुसरीकडे हलविलें गेलें. त्यांच्या पत्नी कानेको या गायिका. त्यांनीं गायनाचे जलसे करून पैसा उभा केला. १९२४ सालीं त्याच राजवाड्याच्या एका दालनांत कोरियन लोककलेचें संग्रहालय उघडलें. वस्तु टोकियोस न नेतां जेथल्या तेथें ठेवल्या, ही गोष्ट आम्ही थोर मानतों.

परंतु यानागींनीं कोरियन कलेस ‘दुःखाचें सौंदर्य’ असें म्हटलें, तें पुढें कोरियन टीकाकारांस झोंबलें. राज्यकर्त्या राष्ट्राच्या माणसानें आमचें रडणेंच तेवढें पाहिलें, हंसणें पाहिलें नाहीं, असा त्यांचा आक्षेप. परसत्ता भोगलेल्या देशाच्या वाचकांस या आक्षेपाचें मर्म फोड करून सांगणें नको. तरी कोरिया सरकारनें १९८४ सालीं, यानागींच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनीं, त्यांस सन्मानपदक दिलें, हेंही नमूद केलें पाहिजे.

टोकियोंतील कोमाबा येथें १९३६ सालीं उद्योगपति ओहारा मागोसाबुरो यांच्या देणगींतून यानागींनीं दुसरें संग्रहालय उभारलें. तेथें जपान, कोरिया, ओकिनावा, इंग्लंड अशा नाना ठिकाणच्या सुमारें सतरा हजार वस्तु आहेत. सेऊलचा संग्रह पुढें कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गेला. ताकुमी १९३१ सालीं चाळिसाव्या वर्षीं वारला. त्याची तिरडी खांद्यावर घेण्यास कोरियन शेजाऱ्यांची गर्दी झाली. त्याची कबर सेऊलमध्यें आहे. त्याच्या भावानें भेट दिलेली ती गवताच्या नक्षीची बरणी कोमाबा येथें आहे.