सेमिनरीचे शिक्षण आणि उपदेशकाची घडण : रे. ना. वा. टिळक यांच्या संदर्भात

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे संत तुकारामांच्या गुरुपरंपरेतील चैतन्यांची समाधी आहे. आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे मानतात, त्या रेड्याची समाधी आहे. जुन्नर-आंबेगाव परिसरात धर्मोपदेश म्हटला की टाळ-मृदंगाच्या साथीने चालणारे कीर्तनच डोळ्यांसमोर येते. याच परिसराला लागून असलेल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात उपदेशक घडविण्याची निराळी पद्धती आली. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले व पुढे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती उपदेशकांसाठी सेमिनरी चालली.

या मिशनच्या मंडळ्यांत महार समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती. ज्याला गावात चावडीवर बसण्याची मुभा नव्हती, अशा तरुणाने शास्त्राभ्यास पूर्ण करून मंडळीपुढे उभे राहणे ही केवळ धार्मिक घटना नव्हती. वाचन, विवेचन व सभेत बोलण्याचे धैर्य त्याला या शिक्षणातून मिळाले. मात्र शिक्षण संपताच तो मिशनचा पगारी सेवक होई. स्वाभिमान देणारी संस्थाच त्याला परावलंबी करी, ही विसंगती अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

नारायण वामन टिळक या सेमिनरीत आले ते अध्यापक म्हणून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नगर गाठले. संस्कृतज्ञ, कवी, जन्माने चित्पावन ब्राह्मण. आणि समोर खेड्यापाड्यांतून आलेले विद्यार्थी. या सहवासात विद्यार्थ्यांइतकेच अध्यापकही घडले, असे म्हणणे वावगे ठरू नये. घरची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्याचे संस्कार सुटताना मनाची किती ओढाताण होते, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त विनोदाच्या अंगाने आले आहे. सेमिनरीच्या कोणत्याही अहवालापेक्षा ते अधिक बोलके साधन होय.

परकीय चालीवरील गीते मराठी माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाहीत, हे टिळकांना उमगले होते. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली, अभंग व पदे रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ओतूरच्या परंपरेशी त्यांचा धागा जुळतो तो येथे.

पगाराचा प्रश्न मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना त्यात प्रवेश होता. पन्नाशी उलटल्यावर, बावीस वर्षांच्या सेवेनंतर घेतलेला हा निर्णय होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. सेमिनरीत कधी विद्यार्थिनी म्हणून न बसलेल्या या स्त्रीने त्यात भर घातलेले अध्याय मोठ्या संख्येने आहेत.