काजळीतला रेंगाळणारा उजेड

सन १६०३च्या सुमारास बोलोन्यातील विन्चेन्झो कास्चारोलो या जोडे शिवणाऱ्या किमयागाराने पादेर्नो डोंगरावरचा जड दगड कोळशासोबत भाजला. सोने मिळाले नाही. पण उन्हात ठेवलेला तो दगड अंधारात तांबूस तेवत राहिला. चंद्राचा मंद प्रकाशही असाच, असे लिचेतीने १६४०मध्ये लिहिले तेव्हा वृद्ध गॅलिलिओला उत्तर द्यावे लागले. कोळसा मात्र तिथे केवळ मदतनीस होता, दगडातील ऑक्सिजन काढून घेणारा.

कार्बन स्वतः उजळला तो चार शतकांनी. २००४ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात काजळीतून नॅनोनलिका शुद्ध करताना चमकणारे सूक्ष्म कण वेगळे झाले. हवी होती नलिका, कीर्ती मिळाली गाळाला! २००६मध्ये क्लेमसन विद्यापीठातून त्यांना ‘कार्बन डॉट’ हे नाव मिळाले. पण दिवा विझताच तेही विझत.

२०१३मध्ये ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या थरात बसवले गेले आणि अतिनील दिवा मालवल्यावरही काही सेकंद उजेड उरला. उत्तेजित इलेक्ट्रॉन ‘ट्रिप्लेट’ अवस्थेत अडकतो. तेथून परतीची वाट जवळजवळ निषिद्ध, म्हणून तो रेंगाळतो. एरवी रेणूंची थरथर आणि हवेतील ऑक्सिजन ही ऊर्जा मधेच हिरावतात. थरातील हायड्रोजन बंधांनी थरथर आवरली, ऑक्सिजनही बाहेर रोखला गेला. बनावट दस्तऐवज ओळखणाऱ्या शाईसाठी आता हेच कण तपासले जात आहेत.